की वेस्ट, दुपारी एक ते चार

मंडईच्या मागच्या बोळात गोपाळकृष्ण खांबेटे यांचं वजनकाट्यांचं दुकान होतं. पाटीवर ‘खांबेटे आणि कंपनी’ असं लिहिलेलं असलं तरी कंपनी म्हणजे अण्णा खांबेटे स्वतः, एक लाकडी स्टूल आणि भिंतीवर टांगलेले पितळी तराजू. मंडईतल्या निम्म्या भाजीवाल्यांचे काटे अण्णांच्या हाताखालून गेलेले. काटा केसभर जरी एका बाजूला झुकला, तरी तो सरळ केल्याशिवाय अण्णा परत देत नसत. आणि झुकलेलाच द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा पायरी चढू देत नसत. शटरवर आणखी एक पाटी होती. ती त्यांनी स्वतः रंगवली होती : ‘दुकान दुपारी १ ते ४ बंद. कडी वाजवू नये. मालक झोपलेले आहेत, वारलेले नाहीत.’

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने रोज दुसऱ्याच कुणा बाईचं नाव लावून परक्या लोकांशी बोलावं, हे त्यांच्या पचनी पडायचं कसं?

श्रद्धा भूगोल घेऊन बी.ए. झाली होती. पुढे बी.एड. करायचं आणि एखाद्या शाळेत नकाशाच्या गुंडाळ्या काखेत मारून वर्गावर जायचं, असं घरात न बोलता ठरलेलं होतं. पण ते साल होतं दोन हजार पाच. पुण्यात तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या आणि इंग्रजी बरं बोलणारी पोरं त्यांत भराभर शिरत होती. श्रद्धाही कल्याणीनगरच्या एका कॉल सेंटरात शिरली. तीन महिने कच्ची नोकरी, मग काम पसंत पडलं तर पक्की.

“नाव काय म्हणालीस तिथलं?” अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“शेरी.”

“का? श्रद्धाला काय झालं?”

“त्यांना उच्चारता येत नाही, अण्णा.”

“मग शिकवा. आपण नाही शिकलो त्यांचे उच्चार?” अण्णांनी चष्मा काढून पुसला. “हे बघ, तीन महिन्यांत पक्की झालीस तर तुझं तू बघ, मी मध्ये येणार नाही. नाही झालीस, तर जूनमध्ये बी.एड.चा फॉर्म. आणि कुणी विचारलं तर मी सांगणार, कॉम्प्युटरमध्ये आहे काहीतरी.”

आणि तसंच ते सांगत. कर्वेनगरला सोसायटीत सांगत, लग्नाकार्यात सांगत, दुकानात सांगत. श्रद्धाच्या आई मालनबाई मात्र खरं काय ते शेजारणींना कधीच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. पण अण्णांच्या तोंडून ते कधी आलं नाही, आणि श्रद्धाला ते लागायचं.

आता ती काम काय करायची? तर अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडाच्याही खाली, समुद्रात की वेस्ट नावाचं एक चिमुकलं बेट आहे. एका प्रवासी कंपनीने तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी फोनवर माहिती द्यायची सोय केली होती. फोन वाजायचा कल्याणीनगरात. मिनेसोटा किंवा ओहायोत रात्रीचं जेवण उरकून कुणी बाई विचारायची, “आम्ही तिकडे येतोय, काय काय बघावं?” आणि इकडे पहाटेचा चहा पिऊन बसलेली श्रद्धा सांगू लागायची.

सांगायची तीसुद्धा अशी, की जणू परवाच जाऊन आली आहे. समुद्रातल्या पुलांवरून जाणारा तो लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवंनिळं पाणी. मग ते गाव. लाकडी घरं, पुढे ऐसपैस व्हरांडे, वर पत्र्याची छपरं. एके काळी खडकांवर फुटलेल्या जहाजांतला माल काढून श्रीमंत झालेलं ते गाव होतं. गावाच्या मधोमध दीपगृह. तिथला दिवेकरी वारल्यावर त्याच्या बायकोने कितीतरी वर्षं त्यातला दिवा सांभाळला होता. रस्त्यांवर कोंबडे मोकळे फिरतात आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही असा तिथला नियम. दक्षिण टोकाला भोवऱ्याच्या आकाराची एक मोठी रंगवलेली खूण आहे, तिथून क्युबा नव्वद मैल. आणि रोज संध्याकाळी सगळं गाव धक्क्यावर जमतं, डोंबाऱ्यांचे खेळ होतात, आणि सूर्य समुद्रात बुडाला की लोक टाळ्या वाजवतात.

हे सगळं ती घरीही सांगायची. जहाजांचं ऐकून अण्णा म्हणाले, “म्हणजे दुसऱ्याच्या बुडण्यावर मोठे झालेले लोक.” कोंबड्यांचं ऐकून म्हणाले, “आणि कुणी खात नाही? हं.” टाळ्यांचं ऐकल्यावर मात्र त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “सूर्य मावळला म्हणून टाळ्या? उद्या उगवला नाही तर काय शिट्ट्या मारणार आहेत?”

मालनबाईंना रस होता तो तिथल्या लिंबाच्या गोड वडीसारख्या पदार्थात, ज्याला ते पाय म्हणत. ते लिंबू बारीक, पातळ सालीचं आणि फार आंबट असतं हे श्रद्धाने वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, म्हणजे आपलं कागदी लिंबू! त्यात दूध आटवून घालतात? नासत नाही?” आणि मग त्यांनी एकदा करून बघितलं. नासलं.

खरं सांगायचं तर श्रद्धा त्या बेटाच्या प्रेमात पडली होती. शाळाकॉलेजात तिने नद्या, पर्वत आणि खनिजं पाठ केली होती, पण कुठल्याही गावात अशी रोज उठून हिंडली नव्हती. तिच्या टेबलाशेजारी बसणारी उत्कर्षा, जी फोनवर क्रिस्टी व्हायची, ती फोन ठेवला की बेट विसरायची. श्रद्धा बसमध्येसुद्धा तिथेच असायची. नोकरी गेली तर पगार जाईल याचं तिला वाईट वाटलं असतंच. पण त्याहून जास्त वाईट वाटलं असतं ते गाव हातून गेल्याचं.

शिफ्ट पहाटेची. दुपारी ऑफिसची सुमो तिला मंडईपाशी सोडायची. अण्णा तोवर शटर अर्धं ओढून तिची वाट बघत असायचे. दोघं डबा उघडून जेवायची, मग अण्णा शिडीने पोटमाळ्यावर जायचे आणि श्रद्धा खाली तराजूंच्या खाली चटई टाकून आडवी व्हायची. चार वाजेपर्यंत खांबेटे आणि कंपनी ठार झोपलेली असायची. श्रद्धा लहानपणापासून हेच बघत आली होती. जेवून माणूस झोपतो, आणि माणूस झोपला की दुकान बंद असतं. यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आणि घोटाळा झाला तो नेमका इथेच.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. तीन महिने संपत आले होते. मिनेसोटाच्या एका लहान गावातल्या डोरिस नावाच्या बाई गेले काही दिवस फोन करत होत्या, आणि दर वेळी शेरीच हवी म्हणून हट्ट धरत होत्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि बोलताना त्या मध्येच थांबून नवऱ्याला विचारायच्या. नवरा वॉल्टर. त्याचं खिळे-स्क्रू-हातोड्यांचं दुकान होतं, आणि चाळीस वर्षांत त्याने ते दिवसा कधी बंद ठेवलं नव्हतं. दुपारचं जेवणही गल्ल्यावर उभ्या उभ्या. आता त्याचं हृदय कुरकुर करू लागलं होतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं, आणि त्याआधी डोरिसबाईंनी त्याला ओढून काढलं होतं.

“पूर्ण असा एकच दिवस आहे आमच्या हातात, उद्याचा,” बेटावर पोचल्यावर त्या फोनवर म्हणाल्या. हे सगळं इंग्रजीत, पण श्रद्धाला ते मराठीतच ऐकू यायचं. “तो दिवस नीट जायला हवा, शेरी. पुढचं कुणाला माहीत! सकाळी दीपगृह, फुलपाखरांची बाग, तो भोवरा. मग जेवण. जेवल्यावर वॉल्टरला ते लिंबाचं खायचंय. तू सांगितलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानात. किती वाजता जाऊ?”

श्रद्धाने पडद्यावर बघितलं. त्या दुकानाच्या वेळेची जागा कोरी होती. आणि ऑफिसचा पहिला नियम असा, की ‘माहीत नाही’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

“एक ते चार जाऊ नका हं,” ती बिनदिक्कत म्हणाली. “बंद असतं. तिथली सगळी चांगली दुकानं दुपारी बंदच असतात. मालक जेवून झोपतात ना. तुम्हीही तेवढा वेळ पडा जरा. तुमच्या हॉटेलच्या अंगणात मोठा वड आहे, त्याच्याखाली आरामखुर्च्या आहेत. चारला उठा, मग जा.”

“पडू?” डोरिसबाई म्हणाल्या. “दिवसाउजेडी?”

“हो, मग!” श्रद्धा म्हणाली.

दुपारी सुमोतून उतरून ती बोळात शिरली. अण्णा शटर ओढत होते. अर्धं शटर खाली आलं आणि ती पाटी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली. दुपारी १ ते ४ बंद.

श्रद्धा जागच्या जागी उभी राहिली. तिच्या लक्षात आलं, की आपण त्या बाईंना जे सांगितलं ते की वेस्टचं नव्हतंच. ते मंडईच्या मागच्या बोळातलं होतं.

“काय झालं? भूत बघितलंस?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिने मोबाइलवरून उत्कर्षाला फोन लावला. उत्कर्षा आधी मनसोक्त हसली. “अगं, अमेरिकेत कुठलं दुकान दुपारी बंद असतं? वेडी आहेस का! जाऊ दे ना यार, कोण चेक करतंय? फोनची टेप कुणी ऐकेपर्यंत तुझं कन्फर्मेशन होऊन जाईल. तू फक्त गप्प बस.”

श्रद्धाने ऑफिसात फोन केला. बेटाचं टेबल बंद झालं होतं, आणि इकडून ग्राहकाला फोन लावायचा तर मुख्य तालिबसरांची परवानगी लागे. ते घरी गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. ते पहाटेपासून जागे, बहुधा झोपलेच असणार. सगळं जग दुपारी झोपतं, तिच्या मनात आलं, फक्त अमेरिका सोडून.

त्या दुपारी तिला डोळा लागला नाही. वरून अण्णांचं घोरणं ऐकू येत होतं. तिला दिसत होता तो मिनेसोटाचा दुकानदार, आयुष्यातला एकुलता एक मोकळा दिवस हातात घेऊन आलेला. आणि त्याच्या दिवसातले भर दुपारचे तीन तास आपण उचलून फेकून दिलेले. दुकान उघडं असताना तो खुर्चीत ताटकळत बसणार. आणि पुढच्या आठवड्यात त्याचं काही बरंवाईट झालं तर? तिला स्वतःचा इतका राग आला, की रडूसुद्धा येईना. रात्री झोपेपर्यंत तिने तालिबसरांना आणखी दोनदा फोन लावला, तो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आपल्या खुर्चीवर न बसता आधी तालिबसरांच्या काचेच्या खोलीत गेली. तालिबसर मोमिनपुऱ्यातले. वयाने तिच्याहून फार मोठे नव्हते, पण बोलताना शब्द मोजून वापरायचे. प्रत्येकाचे फोन ऐकून गुण तेच द्यायचे, आणि कुणाला पक्कं करायचं हेही तेच लिहायचे. श्रद्धाला ठाऊक होतं की आपण स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय. गप्प बसलो तर नोकरी बहुतेक पक्की. बोललो तर बी.एड. तरी ती बोलली. एका दमात, पाटीसकट सगळं सांगितलं.

तालिबसरांनी ऐकून घेतलं. “एक ते चार,” ते म्हणाले. “अख्ख्या बेटाला झोपवलंस?”

“हो, सर. मला त्यांच्या हॉटेलला फोन करू द्या. निदान माफी तरी मागते. तिथे आता संध्याकाळ असेल, त्यांचा दिवस संपत आलाय.”

ते काही बोलणार तेवढ्यात उत्कर्षाने काचेवर टकटक केली. “श्रद्धा, तुझा फोन. त्याच बाई. शेरी दे म्हणतायत.”

श्रद्धा खुर्चीपर्यंत कशी गेली ते तिला आठवत नाही. तिने कानाला फोन लावला. तालिबसर मागून आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी ऐकायचा दुसरा फोन कानाला लावला.

“शेरी,” डोरिसबाई म्हणाल्या. मागे गर्दीचा आवाज होता, कुणी ढोल वाजवत होतं. “ते दुकान दुपारी बंद नसतं, माहीत आहे का तुला? आम्ही चार वाजता गेलो आणि त्या पोरीला विचारलं, झोप झाली का? तिला वाटलं आम्ही दोघं चळलोय!”

“माझी चूक झाली,” श्रद्धा म्हणाली. “मी खरंच...”

“थांब, मला सांगू दे. जेवल्यावर वॉल्टर म्हणाला, दिवसा कोण झोपतं! मी म्हटलं, ती मुलगी इथलीच आहे, तिला ठाऊक असणार. दुकानंच बंद असतील तर जाणार कुठे? म्हणून वडाखाली बसलो. एक कोंबडा येऊन त्याच्या पायाशी बसला. आणि वॉल्टर झोपला गं. तीन तास! घोरत होता. चाळीस वर्षांत मी या माणसाला दुपारी झोपलेला बघितला नव्हता. दुपारी तो घरी असायचाच कुठे? मी शेजारी बसून होते. काही केलं नाही. त्याच्याकडे बघत होते नुसती.”

मग म्हणाल्या, “उठला तेव्हा काय म्हणाला सांगू? म्हणाला, डोरिस, बंद ठेवलं तरी दुकान कुठे पळून जात नाही, नाही का? गेले सहा महिने डॉक्टर हेच सांगतोय त्याला. ऑपरेशनची भीती वाटत होती, पण आज त्याचा चेहरा बघून माझी निम्मी भीती गेली. म्हणून फोन केला. आता मला एक सांग. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारा माणूस आहे तरी कोण?”

श्रद्धाने तालिबसरांकडे बघितलं. आपण कुठे बसलोय हे ग्राहकाला सांगायचं नाही, हा ऑफिसचा दुसरा नियम. नावाचा तिसरा. तालिबसर तिच्याकडे बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर अण्णांचा तो केसभरही न झुकणारा काटा आला. या बाईंशी आणखी खोटं बोलणं तिला जमेना.

“माझे वडील,” ती म्हणाली. “तराजूंचं दुकान आहे त्यांचं. पुण्यात. पुणे भारतात आहे. मीही तिथेच आहे. मी तुमचं बेट कधी पाहिलेलं नाही. आणि माझं नाव शेरी नाही, श्रद्धा.”

पलीकडे नुसता ढोल ऐकू येत होता. मग डोरिसबाईंनी ते नाव एकदा म्हणून बघितलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा बरंचसं जमलं.

“कधीच पाहिलं नाहीस?” त्या हळूच म्हणाल्या. “आणि मला गल्लीतली वळणं सांगत होतीस? अगं, मग थांब, फोन ठेवू नकोस. आम्ही धक्क्यावरच आहोत. सूर्य टेकलाय पाण्याला. मी फोन वर धरते. तू ऐक.”

श्रद्धाने फोन कानाशी घट्ट दाबला. आधी समुद्राचा वारा आला. मग माणसांची कुजबूज बंद झाली, ढोलही थांबला. आणि मग टाळ्या. शेकडो माणसांच्या टाळ्या, त्यात कुणाची आरोळी, कुणाचं हसू, आणि अगदी जवळून एका म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज : “थँक यू, मिस!”

समोरच्या खिडकीत कल्याणीनगरच्या गच्च्यांमागे आभाळ तांबडं होत होतं. तिकडे बुडालेला सूर्य इकडे वर येण्याच्या बेतात होता. श्रद्धा भूगोलाची पदवीधर. हे असं होतं हे तिला पुस्तकात माहीतच होतं. पण दोन्ही टोकं एकाच वेळी हाताला लागल्यासारखं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ती इतकी सुखावली, की डोळे भरून आलेत हेही तिला उत्कर्षाने रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

फोन संपल्यावर तालिबसर तिला परत काचेच्या खोलीत घेऊन गेले.

“तीन चुका,” ते म्हणाले. “चुकीची माहिती, गावाचं नाव, स्वतःचं नाव. तिन्हींचे गुण कापणार.”

“हो, सर.”

“पण ही टेप माझ्याकडे यायच्या आधी तू स्वतः आलीस. तसं इथे अजून कुणी आलेलं नाही.” त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि काढलं. “आणि ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही हा नियम मीच लिहिलाय. तुला त्यानेच खड्ड्यात घातलं. आजपासून म्हणायचं, विचारून सांगते. बाकी अमेरिकेला काय सांगायचं ते मी बघतो. तू पक्की.”

ती दारापर्यंत गेली तेव्हा तालिबसर पुन्हा म्हणाले, “ऐक. आमचे अब्बा जुम्म्याला दुपारी दुकान बंद करतात. तुझ्या जागी मी असतो ना, तर मी शुक्रवार सांगितला असता.” आणि ते पहिल्यांदाच तिच्यासमोर हसले.

दुपारी ती बोळात पोचली तेव्हा अण्णा शटरला हात लावून उभे होते. कालपासूनचा तिचा चेहरा त्यांनी बघितलेला होता.

“काय? दिला नारळ?” त्यांनी विचारलं.

“नाही. पक्की झाले.”

“हं,” म्हणून अण्णांनी शटर ओढलं.

मालनबाईंनी डब्यात भरली वांगी दिली होती. जेवता जेवता श्रद्धाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. अण्णा मान खाली घालून दहीभात कालवत होते. वडाचं आलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

“म्हणजे त्या दुकानदाराला झोप लागली?”

“तीन तास.”

“घोरत होता?”

“बाई तसं म्हणाल्या.”

“मग लागली,” अण्णा समाधानाने म्हणाले, आणि घास घेतला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि नाव काय सांगितलंस त्यांना?”

“श्रद्धा.”

“आलं म्हणायला?”

“दुसऱ्यांदा आलं.”

अण्णांनी डबा बंद केला. हात धुतले. बी.एड.चं काही काढलं नाही, नोकरीचंही नाही, आणि शिडी चढून पोटमाळ्यावर निघून गेले. श्रद्धाने चटई टाकली. पक्की झाल्याचा आनंद तिच्या अंगात नुसता नाचत होता, पण अण्णांनी दोन शब्द बोलायला हवे होते, असं कुठेतरी खुपतही होतं. मग तिने स्वतःचीच समजूत घातली, की ‘हं’ हासुद्धा एक शब्दच आहे.

डोळा लागतोय तोच शटरची कडी खडखडली. पुन्हा खडखडली.

“अण्णा! ओ अण्णा!” मंडईत पालेभाजी विकणारे दत्तोबा होते. “काटा अडकलाय. एवढा बघून द्या की. आता पार सगळी दुकानं दिसभर उघडी असत्यात, तुमचंच काय हाय हे झोपायचं!”

श्रद्धा उठायच्या बेतात होती. पण वरून फळी करकरली आणि पोटमाळ्याच्या अंधारातून अण्णांचा खणखणीत आवाज आला. एवढ्या मोठ्याने ते एरवी बोलत नसत.

“दत्तोबा! माझंच नाही ते. अमेरिकेत की वेस्ट म्हणून बेट आहे, समुद्राच्या मधोमध. तिथेसुद्धा माणसं एक ते चार झोपतात. आमची श्रद्धा सांगते त्यांना, इथून, फोनवरून. तेच काम आहे तिचं, लोकांना त्या गावात हिंडवायचं. आणि ऐका, आजपासून ती तिथे पक्की आहे!”

बाहेर दत्तोबा विचारात पडले असावेत. बोळात कुठेतरी एक हातगाडी खडखडत गेली.

“असं व्हय,” ते अखेर म्हणाले. “मग ऱ्हाऊ द्या, अण्णा. झोपू द्या त्यास्नीबी. चारला येतो.”

चपलांचा आवाज दूर गेला. श्रद्धाने ओढणी तोंडावर घेतली, कारण हसूही आवरत नव्हतं आणि डोळेही. थोड्या वेळाने वरून घोरणं सुरू झालं. तिने कूस बदलली आणि तीही झोपली.